म्यू-मेटल मागवण्याआधी गुणगुण कुठून येते ते शोधा

भाऊ, जळगावच्या कॉलेजात द्रव नायट्रोजनवरचा स्क्विड, म्हणजे अतिशय बारीक चुंबकीय क्षेत्र मोजणारा अतिवाहक सेन्सर, तुम्ही लावलाय, पण विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीपुढे काही दिसत नाही, म्हणून म्यू-मेटलचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा, डबा मागवायचा म्हणता. मागवा, पण आत्ताच नको. तो पत्रा महाग असतो, आणि अर्ध्या दुखण्यांवर त्याचा उपयोगच नसतो.

भुसावळ लाइनवर २५ केव्ही एसी आहे. परतीचा करंट रुळांतून आणि थोडा जमिनीतून जातो, त्याचं तुम्ही काही करू शकत नाही. पण बहुतेक वेळा चोर घरातलाच असतो: दोन उपकरणं दोन वेगळ्या सॉकेटांवर अर्थ केलेली, आणि मधल्या केबलने पूर्ण झालेला अर्थ लूप, म्हणजे अर्थच्या तारांचं बंद वेटोळं, ज्यात ५० हर्ट्झचा करंट फिरतो. लोडशेडिंगला शिव्या न देता वापरून घ्या. इमारतीची वीज गेली की सगळं बॅटरीवर चालवून रीडिंग घ्या. इन्व्हर्टर नको, त्याचं स्विचिंग आणखी घाण करतं. गुणगुण गेली तर पत्र्याआधी एकाच बिंदूवर अर्थिंग आणि पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या करून पाहा. वीज गेल्यावरही राहिली, तर ती बाहेरची.

मोबाइल आणि वाय-फायचा त्रास वेगळा. त्याने व्होल्टेज-फ्लक्सचा वक्रच (सेन्सरमधून जाणाऱ्या चुंबकीय फ्लक्सनुसार त्याचं व्होल्टेज कसं बदलतं त्याचा आलेख) चपटा होतो आणि सेन्सर खराब झाल्यासारखा वाटतो. त्याला तांब्याची फॉइल आणि तारांवर फिल्टर लागतात.

आता तुमच्या कॅनबद्दल. पशुवैद्यकीय दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ठेवतात तो ॲल्युमिनियमचा कॅन वापरताय, आपल्या भागात नायट्रोजन मिळण्याचा तोच खरा मार्ग. पण ॲल्युमिनियममध्ये ५० हर्ट्झचं क्षेत्र सुमारे १२ मिलिमीटर आत शिरतं, तेव्हा दोन-तीन मिलिमीटरची भिंत त्याला फारशी अडवत नाही. रेडिओ लहरी मात्र थांबवते, उघडं तोंड आणि तारा सोडून. उलट भिंतीतल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्ण हालचालीने धातू स्वतःच चुंबकीय नॉइज करतो. म्हणून हृदयाचे, म्हणजे ५०–१०० पिकोटेस्लाचे सिग्नल घेणारे फायबरग्लासचं भांडं वापरतात. शिकण्यापुरता हा कॅन चालेल, पण सेन्सर भिंतीपासून लांब, मधोमध ठेवा.

एवढं करून गुणगुण उरली तर मग म्यू-मेटल. लांब नळीच्या अक्षाला काटकोनात असलेल्या क्षेत्रासाठी कवचाचा गुणक, म्हणजे आतलं क्षेत्र किती पट कमी होतं तो आकडा, ढोबळमानाने पारगम्यता (धातू चुंबकीय क्षेत्र किती सहज ओढून घेतो त्याचं माप) गुणिले जाडी भागिले व्यास. पारगम्यता २०,०००, जाडी १ मिमी, व्यास २०० मिमी धरला तर १००. कॅटलॉगातला लाखाचा आकडा धरू नका, इतक्या कमी क्षेत्रात तो मिळत नाही. जाडी दुप्पट करण्यापेक्षा मध्ये फट ठेवून दोन नळ्या एकात एक बसवणं बरं. नळी व्यासाच्या तीन-चार पट लांब हवी, नाहीतर उघड्या तोंडातून सगळं आत येतं. आणि कापणं, वाकवणं, वेल्डिंग सगळं आधी, हायड्रोजनमधलं ॲनिलिंग (खूप तापवून सावकाश थंड करणं) शेवटी. नंतर आपटला की गुण गेला. गावातल्या फॅब्रिकेटरकडे तयार डबा ठोकून सरळ करायला देऊ नका.

कवच बसल्यावर सेन्सर कवचाच्या आतच थंड करा. ४० मायक्रोटेस्लाच्या पृथ्वीच्या क्षेत्रात थंड केला तर फ्लक्स त्यात अडकतो आणि कमी फ्रिक्वेन्सीचा नॉइज वाढतो. तसं झालंच तर ९२ केल्विनच्या वर गरम होऊ द्या आणि पुन्हा थंड करा. सेन्सर कवचाला घट्ट बांधा, कारण उरलेल्या स्थिर क्षेत्रात तो हलला की तेही सिग्नल म्हणून दिसतं.

बॅटरीवरचं रीडिंग, कॅनचा व्यास आणि तोंडाचा घेर कळवा, मग नळीचं माप काढू.