कुटुंब आणि समाज दोन्हीसाठी आयुष्य वेचलेले एखादे भारतीय ज्यू वकील होऊन गेलेत का?

हो, आहेत ना. ए. बी. सालेम. पूर्ण नाव अब्राहम बराक सालेम, गाव कोचीन, जन्म 1882 चा आणि गेले 1967 ला. ज्यू म्हटलं की आपल्याकडे पटकन अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले शनवार तेली आठवतात आणि ते साहजिकच आहे, पण तुम्ही कुटुंब आणि समाज दोन्ही विचारलंय आणि सालेम यांच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत, म्हणून मी त्यांच्याबद्दलच लिहितो.

आधी थोडं बॅकग्राऊंड. कोचीनचे ज्यू म्हणजे मुठभर लोकं, आणि त्यातही गट. सगळ्यात मोठा मलबारी ज्यूंचा, ते तिथे शेकडो वर्षांपासूनचे. मग परदेशी ज्यू, म्हणजे नंतर बाहेरून येऊन मट्टानचेरीला स्थायिक झालेले, गोरे म्हणवून घेणारे, त्यांचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) 1568 चं. आणि तिसरे मेशुहरार, म्हणजे कधीकाळी गुलाम होते आणि मग मोकळे केले गेले त्यांचे वंशज. हे तिसरे त्याच परदेशी सिनेगॉगमध्ये जायचे, तीच प्रार्थना, तेच सण, पण आत बाकावर बसायचं नाही, बाहेरच्या खोलीत जमिनीवर नाहीतर पायरीवर बसायचं, तोरा (ज्यूंचा धर्मग्रंथ) वाचायला त्यांना पुढे बोलवायचं नाही आणि गोऱ्या घरातली सोयरीक तर विषयच नाही. (आपल्या बेने इस्राएलांतही गोरे-काळे होतेच की, त्यामुळे नवल वाटायचं कारण नाही.) सालेम या मेशुहरार घरातले.

आईने वाढवलं त्यांना. आईने या मुलाला एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजला आणि पुढे मद्रासला पाठवलं, तिथे बीए आणि मग कायद्याची डिग्री. कोचीनच्या ज्यूंमधले ते पहिले वकील. म्हणजे बघा, कोर्टात हा माणूस उभा राहिला की न्यायाधीश ऐकून घेणार, आणि शनिवारी, ज्यूंच्या पवित्र वारी, स्वतःच्याच देवाच्या घरात त्याने जमिनीवर बसायचं. मद्रासला प्रॅक्टिस करून ते आरामात राहू शकले असते. पण परत आले, एर्नाकुलमला वकिली सुरू केली, बोटीवरच्या कामगारांची युनियन बांधायला मदत केली, 1925 ते 1931 आणि नंतर 1939 ते 1945 असे कोचीन संस्थानच्या विधान परिषदेवर राहिले. एर्नाकुलमला एका उंचवट्यावर उभं राहून भाषणं करायचे, त्या जागेला लोकं सालेम कुन्नू म्हणजे सालेमची टेकडीच म्हणायला लागले. 1929 च्या लाहोर काँग्रेसला, जिथे पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला, तिथेही ते प्रतिनिधी म्हणून हजर होते.

पण माझ्या मते खरं मोठं काम सिनेगॉगचं. जवळच वैकोमला 1924-25 मध्ये दलितांना देवळाच्या रस्त्यावरून चालता यावं म्हणून सत्याग्रह झाला होता, आपल्याकडे 1930 ला बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा लढा उभा केला, तर सालेम यांनी तेच हत्यार आपल्या माणसांवर वापरलं, आणि परक्यापेक्षा आपल्या माणसांशी भांडणं कितीतरी अवघड असतं कारण रोज त्याच गल्लीत तोंड दाखवायचं असतं. आधी त्यांनी सिनेगॉगवर बहिष्कार टाकला. मग पोरांना घेऊन आत जायचं आणि जिथे बसू देत नाहीत तिथे जाऊन बसायचं असं सुरू केलं. आमरण उपोषणाचाही विचार केला होता. त्यांना कोचीनचे ज्यू गांधी म्हणतात ते यामुळे. निकाल एका दिवसात लागला नाही, आधी मागचे बाक मिळाले, मग वर्षं गेल्यावर तोरासमोर उभं राहायला मिळालं, असं थेंबाथेंबाने.

आणि सोयरीक? ती त्यांच्या मुलानेच केली. बाल्फोर सालेम आणि परदेशी गटातल्या मोठ्या कोडर घराण्यातली मुलगी. कोचीनच्या सिनेगॉगमध्ये लग्न लावू दिलं नाही म्हणून 1950 मध्ये ते आपल्या मुंबईत लागलं. नवरानवरी परत गेल्यावर नवरी सिनेगॉगच्या वरच्या बायकांच्या गॅलरीत आली तेव्हा बाकीच्या बायका उठून निघून गेल्या. विचार करा, बापाने आयुष्यभर बाकासाठी भांडण केलं आणि सुनेला तिच्या स्वतःच्या मावश्या-काकवांच्या जगात एकटीने बसायला लागलं.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. 1933 ला ते पॅलेस्टाईनला जाऊन आले आणि तेव्हापासून ज्यूंची स्वतःची भूमी हा विचार त्यांनी मनापासून धरला. इस्राएल झाल्यावर कोचीनचे मलबारी ज्यू जायला निघाले, कित्येक जण घरदार विकून बसले, आणि तिकडून अडवलं गेलं कारण त्यांच्यात फिलेरिया म्हणजे हत्तीपाय रोग होता आणि तो पसरेल अशी तिकडे भीती होती. तेव्हा सत्तरी ओलांडलेले सालेम 1953 मध्ये स्वतः इस्राएलला गेले आणि त्यांच्या बाजूने बोलले. 1955 पर्यंत बहुतेक सगळे गेलेसुद्धा, नेगेवच्या वाळवंटात नेवातिम वगैरे वसाहतींत त्यांची वस्ती झाली. लक्षात घ्या, हे लोकं त्यांच्या सिनेगॉगचे नव्हते, फी मिळणार नव्हती, मतं पण मिळणार नव्हती. त्यांच्यातल्या वकिलाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. आणि इतरांची जायची सोय लावून स्वतः मात्र शेवटपर्यंत कोचीनमध्येच राहिले.

कधी केरळला गेलात तर मट्टानचेरीचं ते सिनेगॉग बघाच, शनिवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा. सगळे जण आतल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आणि काचेच्या हंड्या बघायला आत धावतात, तुम्ही आधी बाहेरच्या त्या खोलीत दोन मिनिटं थांबा आणि गाईडला सालेम यांच्याबद्दल विचारा.