आमच्या धार्मिक समुदायाला हवामानबदलासाठी स्थानिक पातळीवर काय करता येईल?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ आहे: छतावर सोलर बसवण्यासाठी देणगी गोळा करायचा विचार चालू आहे. त्या ओळीसाठीच हे उत्तर लिहितो आहे. आधी सोलर की आधी मीटर, हा वाद मी विश्वस्त मंडळांशी वर्षानुवर्षे घालत आलो आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. देणगीची पावती फाडण्याआधी रात्रीचे मीटर वाचा.

रात्री कुलूप लावणाऱ्याने मीटरचा आकडा वहीत लिहायचा, सकाळी दार उघडणाऱ्याने पुन्हा लिहायचा, वेळेसकट. सलग सात रात्री. आत कोणी नसतानाही आकडा सरकलेला दिसेल. समजा 8 तासांत 12 युनिट गेले, तर बंद इमारत सतत दीड किलोवॅट वीज ओढते आहे. नुसत्या त्या तासांचे वर्षाला 4,380 युनिट होतात, युनिटमागे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर तीन टनांच्या वर. ही वीज जाते कुठे? चालू राहिलेला अ‍ॅम्प्लिफायर, रिकामा फ्रीझर, रात्रभर पाणी थंड करणारा कूलर, शोभेच्या माळा, आणि टाकीचा फ्लोट वाल्व गळत असल्यामुळे पुन्हा पुन्हा सुरू होणारा पंप. एकेक एमसीबी (वीजपेटीतला एकेका भागाचा खटका) पाडून मीटरचा वेग बघितला की तासाभरात चोर सापडतो.

लोक वॅट बघतात, तास बघत नाहीत, आणि चूक तिथेच होते. सभागृहात 75 वॅटचे 40 पंखे आहेत आणि ते आठवड्यातून 4 तास फिरतात. ते काढून 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले तर वर्षाला सुमारे 375 युनिट वाचतात. बाहेर कळसावर, मनोऱ्यावर किंवा घुमटावर 500 वॅटचा एकच झोत रोज 12 तास जळतो. त्याला टायमर लावून तो 4 तासांवर आणला तर 1,460 युनिट वाचतात. म्हणजे एक टायमर 40 पंख्यांना जवळजवळ चौपट भारी पडतो. पंखे बदलूच नका असे नाही, जुना जळाला की नवा बीएलडीसी घ्या. पण देणगीदाराला पंख्यावर नाव दिसते आणि टायमरवर दिसत नाही, म्हणून टायमर मागे पडतो. मला याचा राग येतो, आणि तो यावा अशीच ही गोष्ट आहे.

थंड प्रदेशात हाच हिशेब गरम हवेचा. चर्च ऑफ इंग्लंडने 2020 साली 2030 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठरवले, तेव्हा मोठा प्रश्न उभा राहिला तो इमारती तापवण्याचाच. उंच छताखालची सगळी हवा तापवण्यापेक्षा बाकांखाली छोटे हीटर लावून माणसांना ऊब देणे, हा त्यावरचा शहाणा उपाय.

आता सोलर. किलोवॅटमागे 8 ते 10 चौरस मीटर मोकळी जागा आणि चांगल्या उन्हात रोज सरासरी 4 युनिट, हे धरून चाला. शिखराची किंवा मनोऱ्याची सावली हा धार्मिक इमारतींचा खास त्रास. एका पॅनेलवर सावली आली तरी त्या ओळीचे उत्पादन घटते. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सकाळी 9 ते दुपारी 3 सावली कुठून कुठे फिरते ते गच्चीवर खडूने आखून घ्या. व्हॅटिकनने 2008 मध्ये सुमारे 2,400 पॅनेल बसवले ते आधुनिक सभागृहाच्या छतावर. प्राचीन घुमटाला हात लावला नाही. तुमच्याकडेही मुख्य वास्तूपेक्षा सभागृह किंवा वाहनतळाचे छप्पर बरे. वॉटरप्रूफिंग आधी करा, नंतर पॅनेल उचलून गळती शोधणे महाग पडते. पॅनेल 25 वर्षे टिकतात, पॅनेलची वीज वापरण्याजोग्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर मात्र साधारण 10 ते 12 वर्षांत बदलावा लागतो. त्यासाठी वेगळा निधी पहिल्याच वर्षी सुरू करा. उद्घाटनाला देणगी मिळते, बदलीच्या इन्व्हर्टरला मिळत नाही.

सामूहिक भोजन होत असेल तर उरलेले अन्न दर वेळी तोलून लिहा. आकडा फलकावर लागला की स्वयंपाकाचा अंदाज आपोआप सुधारतो. कचराभूमीत दडपलेल्या अन्नातून मिथेन निघतो आणि 20 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट तापदायक आहे. उरलेल्याचे खत करा: एक भाग ओला कचरा, दोन भाग वाळका पाला (मोजमाप घमेल्याने), ढीग किमान मीटरभर लांब, रुंद, उंच. वास आला तर पाणी जास्त झाले. पाला मिसळून ढीग उलटा. बायोगॅस संयंत्राला रोज सारखे खाद्य लागते. आठवड्यातून एकदाच पंगत बसत असेल तर त्याच्या नादी लागू नका, सहा दिवस उपाशी आणि सातव्या दिवशी अतिभार झाला की ते आंबट होऊन बंद पडते.

वृक्षारोपणाबद्दल थोडक्यात: आधी कुंपण, मग रोप. इथिओपियात, दक्षिण गोंदर भागात, चर्चभोवतीची जुनी जंगले टिकवण्यासाठी वनशास्त्रज्ञ अलेमायेहू वासी यांनी धर्मगुरूंच्या साथीने दगडी भिंती बांधण्यावर भर दिला, कारण गुरे आत शिरली की नवी रोपे उगवूनही वाचत नाहीत. पाणी घालणारा माणूस नेमता येत नसेल तर खड्डेच खणू नका.

प्रवास आणि समुदायाच्या ठेवी कुठे गुंतवल्या आहेत, हे दोन्ही विषय मोठे आहेत. त्यांना स्वतंत्र उत्तर लागेल.

काही अपवाद सांगायला हवेत. इमारत संरक्षित वारसा असेल तर खिळा ठोकण्याआधी परवानगी घ्या. सुरक्षेचे दिवे आणि औषधांचा फ्रीज रात्रीच्या कपातीत धरू नका. आणि रोज दिवसा विजेवर मोठे स्वयंपाकघर चालत असेल, छतावर सावली नसेल, तर सोलर आणि बचत एकाच वर्षी करायला माझी हरकत नाही. तरीही किती किलोवॅट बसवायचे ते जुन्या बिलांवरून ठरवू नका. टायमर लागल्यावर, गळका वाल्व बदलल्यावर जी तीन बिले येतील, ती ठेकेदाराच्या हातात द्या.