बाळाची बरगडी मोडली तर?

सीपीआरचा, म्हणजे श्वास थांबलेल्याची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवण्याचा, विषय निघाला की नवे आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात. एका आईने तर त्यापायी झोपच घालवली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बाळ चार महिन्यांचं. ही मध्यरात्री उठून मोबाइलवर सीपीआरचे व्हिडिओ बघायची आणि मग बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसायची. "मॅडम, सगळं पाठ आहे. पण वेळ आली तर हात चालायचे नाहीत. आणि जास्त दाबलं गेलं तर?" नवरा म्हणायचा, उगाच वाईट विचार करू नकोस. असल्या धीराने कुणाची भीती गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आधी श्वासाचं बोललो. तान्ही बाळं झोपेत पाच-सात सेकंद श्वास थांबवतात आणि आपणहून पुन्हा घेतात. पहिल्या काही महिन्यांत हे चालायचंच. थांबा वीस सेकंदांवर गेला, ओठ निळे पडले किंवा अंग लुळं पडलं, तर मात्र तातडीने दवाखाना.

बरगडीचं उत्तर तोंडी देऊन भागलं नसतं. व्हिडिओ बंद करायला लावले आणि तिला प्रथमोपचाराच्या वर्गाला पाठवलं, नवरा आणि सासूबाईंसकट. मीही गेले.

पहिल्यांदा तिने पुतळ्याची छाती जेमतेम हलवली. "अजून," प्रशिक्षिका म्हणाल्या, "छातीच्या जाडीचा एक तृतीयांश, साधारण 4 सेंटीमीटर." दोन्ही हातांनी छातीला वेढा, अंगठे छातीच्या हाडाच्या खालच्या भागावर. जोर लावल्यावर पुतळ्यातून 'टक्' आवाज आला आणि ती दचकली. एवढं दाबायचं? हो, एवढंच. बाळाच्या बरगड्या लवचीक असतात, सहसा मोडत नाहीत. आणि शुद्ध व श्वास दोन्ही नसलेल्या बाळाला खरा धोका न दाबण्याचा असतो. मग 30 दाब, 2 श्वास, वेग मिनिटाला 100 ते 120. श्वास देताना आपलं तोंड बाळाच्या तोंडा-नाकावर एकदमच, फुंकर छाती उचलली जाईल इतकीच. तिसऱ्या फेरीला ती घामाघूम झाली होती, पण दाब नीट पडत होते.

सासूबाई म्हणाल्या, "घशात अडकलं की आम्ही बोट घालायचो." वस्तू दिसत नसताना बोट घातलं तर ती आणखी आत जाते. बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल तर खोकू द्यावं. आवाजच बंद झाला तर हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, जबड्याला आधार, पाठीवर 5 थापा. मग उताणं करून छातीवर 5 दाब, आणि हेच आलटून पालटून. पोट दाबायचं नाही. शुद्ध हरपली तर सीपीआर. थापा सगळ्यांत सफाईने दिल्या त्या सासूबाईंनीच!

प्रशिक्षिकेने आणखी एक सांगितलं: एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवून रुग्णवाहिका बोलवा आणि हात चालू ठेवा. फोन जवळ नसेल तर आधी 2 मिनिटं सीपीआर, मग फोन.

रात्रीचं बोट धरणं लगेच सुटलं नाही. झोपण्याआधी एकदाच बघायचं असं ठरवलं: बाळ उताणं, गादी सपाट, आसपास उशी-पांघरूण नाही. काही आठवड्यांत तेवढ्यावर भागू लागलं. नसतं भागलं तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणार होते. बाळ झोपलेलं असूनही आईला झोप येत नसेल, तर तो बाळंतपणानंतरचा चिंताविकार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.