नवा मोबाईल घेतल्यापासून डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं. त्रास न देणारी स्क्रीन दुकानात कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की जुना फोन चार वर्षं वापरला तेव्हा काही झालं नाही आणि नवा अमोलेड स्क्रीनचा घेतल्यावर पंधरा दिवसांत संध्याकाळचं कपाळ ठणकायला लागलं. आता हा घरात कुणाला तरी देऊन २० हजारांत दुसरा घ्यायचाय, तोही इथे नाशिकमध्ये हातात धरून, पण हातात धरल्यावर बघायचं काय ते कळत नाही. माझं दोन वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही. अंबडला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो, आणि गंमत म्हणजे उत्तर मला तिथेच सापडलं.

आधी घरच्या घरी निदान झालं. बायको म्हणाली, "रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघायची आणि वर डोकं दुखतं म्हणायचं!" मग मेडिकलमधून थेंब आणले. मग निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला, त्याचे आठशे रुपये पाण्यात. फोन पिवळा करून बघितला, काळा करून बघितला. त्यात माझी मुलगी तोच फोन तीन-तीन तास घेऊन बसायची आणि तिला काही म्हणता काही व्हायचं नाही. त्यामुळे घरात सर्वानुमते ठरलं की पप्पांचे लाड चाललेत.

एका रात्री लाईट बंद होते, फोन कमी ब्राइटनेसवर छातीशी होता आणि इअरफोनची वायर स्क्रीनच्या समोरून हलली. एका वायरच्या पाच-सहा वायरी दिसल्या, सुट्या सुट्या, पंख्याच्या काड्यांसारख्या. मी उठून बसलो. ही भानगड मी आधी पाहिलेली होती.

आयटीआय करून कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये लागलो तेव्हा सगळीकडे चोकवाल्या ट्यूब होत्या. पहिल्याच आठवड्यात फोरमननी मला एका लेथपाशी नेलं, स्पिंडल २००० आरपीएमच्या आसपास फिरवलं आणि म्हणाले, "बंद आहे का चालू?" तीन जॉचा चक, म्हणजे काम पकडणारा तीन जबड्यांचा फिरता भाग, जवळजवळ जागेवर उभा दिसत होता, नुसता हळूहळू मागे सरकतोय असा. हिशोब सोपा आहे. आपला करंट ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि प्रत्येक आवर्तनात ट्यूब दोनदा उजळते, त्यामुळे ती सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. चक मिनिटाला २००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ३३ आणि थोडे, आणि जॉ तीन, म्हणजे तेही सेकंदाला १०० वेळा एकाच जागी येतात. ट्यूब उजळते त्या प्रत्येक वेळी जॉ तिथेच. नवख्या पोराने बंद समजून हात घातला की संपलं. म्हणून शॉपमध्ये शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायची पद्धत होती. डोळ्याला ट्यूब स्थिर वाटते, पण ती स्थिर नसते, हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते कायमचं.

अमोलेड फोनचंही तेच असतं. एलसीडीत मागे दिव्यांची पट्टी असते आणि तिचा करंट कमी केला की प्रकाश कमी होतो. अमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, आणि करंट फार कमी केला तर रंग बिघडतात, राखाडी भाग डागाळल्यासारखा दिसतो. म्हणून बऱ्याच कंपन्या करंट तसाच ठेवून स्क्रीन भराभर चालू-बंद करतात. बंदचा वेळ वाढवला की आपल्याला उजेड कमी झाल्यासारखं वाटतं. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. आमच्या मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये हे रोजचं; तिथे फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती वेळा चालू-बंद, कमी ठेवली की मोटर शिट्टी मारते, वाढवली की गप्प होते. बऱ्याच अमोलेड फोनमध्ये ही उघडझाप सेकंदाला २४० ते ४८० वेळा होते. दिसत काहीच नाही, पण काहींच्या डोळ्यांना आणि मेंदूला ती जाणवते, काहींना अजिबात नाही. मायग्रेनवाल्यांना जास्त. माझ्या मुलीला नाही, मला आहे, इतकाच फरक.

एलईडी दिव्यांसाठी आयईईई या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या संघटनेचं १७८९ नावाचं मार्गदर्शन २०१५ साली निघालं. ते फोनसाठी लिहिलेलं नाही, पण अंदाज घ्यायला बरं पडतं. त्यात १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी धरलाय आणि ३००० च्या वर उजेड कितीही खोल हलला तरी चिंता नाही असं म्हटलंय. २४० हर्ट्झला मात्र उजेड १९ टक्क्यांच्या आसपासच हलावा असा हिशोब येतो, आणि कमी ब्राइटनेसवरचा अमोलेड तर पूर्ण विझून पुन्हा लागतो.

आता दुकान. एम. जी. रोडला गेलात की काउंटरवरचा डेमो पीस फुल ब्राइटनेसवर असतो, आणि वरून दुकानाचा झगझगीत उजेड. फुलवर ही उघडझाप सगळ्यात कमी असते. त्रास होतो तो रात्री अंथरुणात, २० टक्क्यांवर. म्हणजे दुकानात दहा मिनिटं बघून "छान वाटतंय" म्हणणं फुकट आहे. मी सहा दुकानं फिरलो, पाच ठिकाणी एकच उत्तर मिळालं: "साहेब, यात आय कम्फर्ट आहे, टेन्शन घेऊ नका." आय कम्फर्ट म्हणजे स्क्रीन पिवळी करायचं बटण. खोक्यावर टीयूव्ही या जर्मन तपासणी संस्थेचा शिक्का असेल तर त्याखाली काय लिहिलंय ते वाचा. 'लो ब्लू लाइट' वेगळं, 'फ्लिकर फ्री' वेगळं. आपल्याला दुसरं हवंय. निळ्या प्रकाशाबद्दल तर अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांची अकादमीच सांगते की स्क्रीनचा थकवा त्याने येत नाही आणि त्यासाठी खास चष्म्याची गरज नाही. माझे आठशे गेले, तुमचे वाचवा.

करायचं असं. स्वतःचा जुना फोन सोबत न्या, त्याच्या कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे शटरचा वेग हाताने ठरवता येतो तो मोड, असावा. डेमो पीसवर ऑटो ब्राइटनेस बंद करा, नाहीतर दुकानातल्या उजेडाने तो आपोआप वर चढतो. ब्राइटनेस पाव भागावर आणा, एखादं पांढरं पान उघडा, सेटिंग्जचंच चालेल. मग आपल्या फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/४००० वर ठेवून त्या स्क्रीनकडे धरा. कॅमेरा चित्र एका दमात टिपत नाही, ओळीओळीने टिपतो, त्यामुळे स्क्रीन विझलेल्या क्षणी ज्या ओळी टिपल्या गेल्या तिथे काळा पट्टा येतो. जाड, काळेभोर, झेब्र्यासारखे पट्टे दिसले तर तो फोन खाली ठेवा. बारीक, फिकट, खूप सारे पट्टे म्हणजे फ्रिक्वेन्सी जास्त, तो विचारात घ्या. अमोलेडवर एखादाच पातळ पट्टा सरकत असेल तर तो स्क्रीन रिफ्रेश होण्याचा, त्याला घाबरू नका. स्वच्छ पांढरं दिसलं तर उत्तम. ब्राइटनेस वर-खाली करून पुन्हा बघा, कारण काही फोन अर्ध्याच्या वर शहाण्यासारखे वागतात आणि खाली आले की नाचायला लागतात.

प्रो मोड नसेल तर बॉलपेन काढा. स्क्रीनवर हाताचा आडोसा करून पेन पुढे जोरात हलवा. पुसट एकसंध फराटा दिसला तर ठीक, सुटी सुटी पेनं मोजता आली तर नाही. दुकानदार बघत राहतो, बघू द्या. मला एकाने विचारलं, "पेनाचं काय करताय काका?" त्याला करून दाखवलं, तर त्याने काउंटरवरच्या सगळ्या फोनवर पेन हलवून पाहिलं आणि माझं गिऱ्हाईक म्हणून महत्त्वच संपलं.

पण थांबा, माझ्या गोष्टीतला अर्धा भाग राहिला. फोन बदलला, त्रास निम्म्यावर आला, गेला नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला होता, "ठीक आहे" म्हणाले होते. पण त्यांनी लांबचा पाहिला होता! नेत्रतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा कळलं की चाळिशी लागलीय, जवळचा नंबर आलाय, आणि डोळे कोरडे आहेत. स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटणं निम्म्याहून कमी होऊ शकतं, त्यात मी सिडकोहून अंबडला बाइकवर हेल्मेटची काच वर करून धूळ खात जाणारा. डॉक्टरांनी वाचायचा चष्मा दिला आणि दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायला सांगितलं. २० फूट म्हणजे आमच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण चाळिशीच्या आसपास असाल तर फोनच्या आधी डोळे दाखवा, आणि जवळचं तपासा असं तोंडाने सांगा. तरुण असलात तरी एकदा दाखवाच. डोळा लाल होऊन अचानक खूप दुखला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, मळमळलं तर मात्र इथे उत्तरं वाचत बसू नका, त्याच तासाला दवाखाना गाठा.

आणि बेडरूमचा दिवाही तपासा. स्वस्तातल्या एलईडी बल्बमध्ये ड्रायव्हर, म्हणजे करंट स्थिर ठेवणारं सर्किट, नावालाच असतो आणि त्याचा उजेडही १०० हर्ट्झवर हलतो. तेच पेन दिव्याखाली हलवून बघा. आमच्याकडे चारातले दोन बल्ब नापास झाले.

घ्यायचा कुठला? २० हजारांत पहिल्यांदा एलसीडी बघा. जाहिरातीत हा शब्द मोठ्या अक्षरात कधी दिसणार नाही, माहितीच्या पानावर 'आयपीएस एलसीडी' असं शोधावं लागतं. मोटो जी६४ सारखे फोन या प्रकारातले. अल्काटेलने २०२५ मध्ये व्ही३ अल्ट्रा आणला, त्याची स्क्रीन कागदासारखी मॅट आहे, चकाकी नाही, तोही एलसीडीच. आयफोनच हवा असेल तर सेकंडहँडमध्ये आयफोन ११ एलसीडीवाला आहे. एक्सआरही आहे, पण त्याला आयओएस २६ मिळत नाही. एलसीडीत काळा रंग थोडा राखाडी दिसतो, उन्हात जरा फिका पडतो. मला चालतं, मी काही फोनवर सिनेमे बघत नाही. मात्र एलसीडी आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नका, काही एलसीडीतही मागची पट्टी उघडझाप करते. पेन तिथेही हलवाच.

अमोलेडच पाहिजे असेल तर जास्त फ्रिक्वेन्सीचा बघा. नथिंग फोन २ए ला कंपनी २१६० हर्ट्झ सांगते, ऑनर ९० ला ३८४०. आकडा छापलेला असला तरी कॅमेरा धरून खात्री करा, कारण काही फोनमध्ये हा मोठा आकडा फक्त कमी ब्राइटनेसला लागू असतो. आपल्याला कमी ब्राइटनेसच लागतो म्हणा.

तोपर्यंत हातातल्या फोनचं एवढं करा. सेटिंग्जमध्ये 'डीसी डिमिंग', 'अँटी फ्लिकर' किंवा 'फ्लिकर रिडक्शन' शोधा, सापडलं तर चालू करा. नसेल तर ब्राइटनेस अर्ध्याच्या वर ठेवा आणि डोळ्यांना झेपेना तर अँड्रॉइड १२ पासून असलेलं 'एक्स्ट्रा डिम' लावा. त्याने चित्रच गडद होतं, उघडझाप वाढत नाही. माझ्या फोनवर नुसत्या एवढ्याने कपाळ हलकं झालं होतं. रात्री खोलीत एक चांगला दिवा लावूनच फोन बघा, अक्षरं मोठी करा.

ऑनलाइन मागवून नाही पटला तर परत करू, असा बेत असेल तर आधी अटी वाचा. बऱ्याच ठिकाणी फोन बिघडला तरच बदलून मिळतो, आणि डोकं दुखतं हा फोनचा बिघाड धरत नाहीत. एम. जी. रोडला आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी जा, गर्दी नसते, पेन हलवायला निवांत जागा मिळते.