लातूरला घरी आणि दुकानात इंटरनेट फोन वापरून पाहायचाय, आवाज तुटू नये म्हणून काय तपासावं?

आधी वेगाची काळजी सोडा. जी.७११ कोडेकच्या (आवाजाचं डिजिटल डेटात रूपांतर करायची पद्धत) एका कॉलला जाताना-येताना प्रत्येकी साधारण ९० केबीपीएस पुरतात. पॅकेट, म्हणजे आवाजाच्या डेटाचे छोटे तुकडे, उशिरा किंवा मागेपुढे पोचली की आवाज तुटतो.

ते असं पकडा: त्याच वायफायवरच्या मोबाईलवरून मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ दाखवणारी कमांड) चालू ठेवा. आकडा ३०-४० मिलिसेकंदांवरून ३००-४०० वर उडाला तर कॉल अडखळणारच. दुकानात सीसीटीव्हीचं क्लाउड अपलोड चालू असेल तर आधी ते बघा. राउटरमध्ये क्यूओएस (कोणता डेटा आधी जावा ते ठरवणारी सेटिंग) लावून फोनला अग्रक्रम द्या, आणि आयपी फोन किंवा एटीए अडॅप्टर (साधा फोन इंटरनेटला जोडणारा डबा) वायफायवर न ठेवता वायरने जोडा.

कॉल ३० सेकंदांच्या आसपास कटतो, किंवा एकाच बाजूला ऐकू येतं? राउटरमधलं 'सिप एएलजी' (इंटरनेट कॉलच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारी सेटिंग) बंद करा. ते पॅकेटमधले पत्ते चुकीचे बदलतं.

आपल्याकडे खरी अडचण लाइटीची. लाइट गेली की फायबरचा डबा, राउटर आणि त्यासोबत फोनही बंद. डबा आणि राउटरच्या पॉवर अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर वाचून (बहुधा १२ व्होल्ट) त्याला जुळणारा डीसी मिनी यूपीएस घ्याच.

नुसती घरात रेंज येत नसेल तर काही विकत घेऊ नका, मोबाईलमधलं वायफाय कॉलिंग चालू करा. नंबर तोच राहतो. ११२ साठी मात्र सिमचा फोन हाताशी असू द्या. इंटरनेट फोनवरून तो लागेलच असं नाही.