आठ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेली आई यांना घेऊन लोहगडचा सोपा ट्रेक होईल का?

होईल. मात्र गाडी थेट गडाच्या पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत न्यायची, तासाभरात माथा गाठायचा आणि जेवायला लोणावळ्यात पोहोचायचे, हा जो बेत आपण प्रश्नात मांडला आहे, तो मला मुळीच पटलेला नाही. या वाटेची सुरुवात लोहगडवाडीत होतच नाही. मळवली स्थानकावर उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागते, आणि खरी सुरुवात तिथे आहे. जो भाजे लेणी वगळून वर जातो, त्याने लोहगड अर्धाच पाहिला, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मतावरून आमच्या घरात जुना वाद आहे. माझे दीर हाडाचे डोंगरभटके आहेत आणि गड पाहणे म्हणजे माथ्यावर पोहोचणे, अशी त्यांची ठाम धारणा आहे. आम्ही सर्व कुटुंब मिळून गेलो, तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांचा विषय निघाला. त्यावर ते म्हणाले, "लेण्यांत काय बघायचंय? आईला गाडीत बसू दे, आपण वर जाऊन येऊ." ते आपल्या मुलांना घेऊन गडावर गेले आणि मी सासूबाई व माझी मुलगी यांच्याबरोबर भाज्याला थांबले.

लेण्यांकडे जाणाऱ्या पायऱ्या सासूबाईंनी थांबत थांबत, पण स्वतःच्या पायांनी चढल्या. वर गेल्यावर समोरच मोठे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. तिथे त्या बराच वेळ खांबांकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांचे माहेर कोकणातले आणि वडील घरे बांधणारे सुतार. त्या मला म्हणाल्या, "अगं, हे खांब सरळ नाहीत, आत कललेले आहेत. लाकडाचं छप्पर खांबांना बाहेर रेटतं, म्हणून त्यांना असा कल द्यावा लागतो. पण हे तर दगडातच कोरलंय, इथे कशाला?" या लेण्यांचे अभ्यासक नेमके हेच सांगतात: ज्यांनी हे कोरले, त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारती होत्या आणि त्यांनी त्या कलासकट दगडात उतरवल्या. मग मी त्यांना छताकडे पाहायला सांगितले. तिथल्या कमानदार वाशांपैकी बरेचसे मूळचे लाकडी आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुने. पुढची लाकडी भिंत केव्हाच नष्ट झाली आहे. ती बसवण्यासाठी खडकात केलेली भोके मात्र शिल्लक आहेत आणि सासूबाईंनी ती एकेक करून नातीला दाखवली. पुढे गेल्यावर निरनिराळ्या आकारांचे चौदा स्तूप एकत्र दिसतात आणि त्यापलीकडच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यात, एक स्त्री नाचते आहे, तर दुसरी जोडीने ठेवलेली चर्मवाद्ये वाजवते आहे, असे शिल्प आहे. तबला शिकणारी माझी मुलगी त्या शिल्पापुढून हलायला तयार नव्हती.

संध्याकाळी दीर खाली आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "तुम्ही ट्रेक केलाच नाही." हे वाक्य ते आजही दर कौटुंबिक कार्यक्रमात म्हणतात आणि सासूबाई काही न बोलता ऐकून घेतात. मला ते खुपते. ज्या बाईने खांबांचा कल पाहून त्यामागचे कारण ओळखले, तिने काहीच पाहिले नाही, असे कोणत्या मापाने म्हणायचे?

शिवाय लेणी आणि गड या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल बोरघाटाने देशावर चढत असे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्या मार्गाच्या आधारानेच उभी राहिली, आणि लोहगड-विसापूर ही जोडी त्याच घाटावर नजर ठेवण्यासाठी आहे. महाराजांनी घेतलेला हा गड १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत आला. भाज्याहून चालत गायमुख खिंडीत पोहोचलात, की उजवीकडे लोहगड आणि डावीकडे विसापूर उभा दिसतो. विसापूर अधिक उंच आहे. मार्च १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडल्यावर लोहगड का टिकला नाही, हे मुलीला त्या खिंडीत उभे राहून एका वाक्यात सांगता येते. गाडीतून जाताना ही खिंड कधी मागे पडली, हेही कळत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाविषयी. लेण्यांपासून लोहगडवाडीपर्यंत मुलीच्या पायांनी दोनेक तास धरा. आईंना भाजे पाहून झाल्यावर वाहनाने लोहगडवाडीत आणता येईल. पुढे सगळ्या पायऱ्याच आहेत: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, या क्रमाने. आईंनी नारायण दरवाजापर्यंत येऊन परत फिरायला काहीच हरकत नाही. तो नाना फडणीसांनी बांधलेला आहे आणि त्याच्याजवळ भात-नाचणी साठवण्याचे भुयार आहे. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, म्हणून काठी अवश्य घ्या. आणि त्या भाज्यालाच थांबल्या, तर घरातल्या कोणालाही "तुमचा ट्रेक राहिला" असे त्यांना म्हणू देऊ नका.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र मुळीच जाऊ नका. दरवाजांमधली वाट अरुंद आहे आणि २०२५ मध्ये गडाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यापासून लोकांचा ओढा वाढलाच आहे. सप्टेंबरअखेर सोनकी फुललेली असताना, मधल्या वारी गेलात तर उत्तम. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब, अरुंद सोंडेवर, वारा असेल किंवा दगड ओले असतील, तर मुलीला नेऊ नका. माकडे पिशव्या ओढतात, त्यामुळे खाऊ हातात धरून चालू नये. लोकलने जाणार असाल, तर दुपारच्या गाड्या मोजक्या असतात. परतीची वेळ आधीच पाहून ठेवा.