साखर रोज वेगळी, निदान अधांतरी

प्रश्न : वय 41, उंची पाच फूट एक इंच, वजन 46 किलो. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 6.9 आली म्हणून ग्लिमेपिराइड ही गोळी सुरू झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी लॅबमधली उपाशीपोटीची साखर 108 पाहून ‘मधुमेह नाही, काठावर आहात’ असं सांगितलं. घरच्या मीटरवर चतुर्थीला सकाळी 64, दुपारी 230! हिमोग्लोबिन 8.7 आहे. खरं काय मानू? – एक वाचक, वर्धा

उत्तर : आधी त्या 64 चं बघू. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. उपवासाच्या दिवशी गोळी घेऊन नुसत्या चहावर राहिलात, तर घाम आणि थरथर ठरलेलीच. मग कडकडून भूक लागल्यावर साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, तेव्हा 230 चं नवल नको. 70 च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच घ्या आणि मग जेवा. पेढा नको, त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर उशिरा चढते. हा आकडा डॉक्टरांना आजच कळवा. गोळीचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

आता 6.9. हिमोग्लोबिन 8.7 असताना या आकड्यावर निदान टेकवणं आम्हाला पटत नाही. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटी वाढू शकते. सिकलसेल आजारात उलट, तांबड्या पेशी लवकर मरतात म्हणून ती खोटी उतरते, आणि विदर्भात हा आजार आढळतो हे विसरून चालत नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (सिकलसेल ओळखणारी तपासणी) करून घ्या. हिमोग्लोबिन इतकं कमी असताना मीटरसुद्धा जास्त दाखवतो. एरवीही 108 च्या जागी 92 ते 124 मधलं काहीही दिसलं तरी मीटर बिघडलेला नसतो, 15 टक्के फरक प्रमाणात धरलेला आहे. आंबा-केळं सोललेल्या बोटाचं रक्त घेतलं तर मात्र फळाचीच साखर मोजली जाते. साबणाने हात धुऊन कोरडे करा, मगच टोचा.

निदानासाठी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करा. गोळी किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील. आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खा. जेवण तोडून गेलात तर निकाल उगाच वाढीव येतो. रात्रभर उपाशी राहून 75 ग्रॅम ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायचं, पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे, तोवर बसून राहायचं. उलटी झाली तर चाचणी बाद. उपाशीपोटी 126 वा जास्त, किंवा दोन तासांनी 200 वा जास्त म्हणजे मधुमेह, पण लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा खात्री हवी. रक्त लॅबमध्ये जाऊनच द्या. घरून नेलेली नळी तासभर तशीच राहिली तरी साखर पाच-सात टक्के उतरते.

मधुमेह ठरलाच, तर तुमच्या अंगकाठीकडे पाहता ‘टाइप 2’ गृहीत धरू नका. जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती आपल्याच स्वादुपिंडावर उलटल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारं) तपासा, सी-पेप्टाइडसोबत त्याच वेळची साखरही हवी. अँटिबॉडी निघाल्या तर तो हळू येणारा, स्वप्रतिकारशक्तीचा मधुमेह असू शकतो. त्यात ग्लिमेपिराइड टाळतात, आणि इन्सुलिन लवकर लागू शकतं. मधल्या काळात वजन झपाट्याने उतरलं, लघवी वाढली, उलट्या किंवा धाप सुरू झाली, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन कीटोन (इन्सुलिन फार कमी पडल्यावर शरीरात साचणारी आम्लं) तपासून घ्या.